कॅसिनोला लढलेली ‘चौथी डिव्हिजन’ नक्की कोणती?

दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीच्या माँटे कॅसिनोच्या लढाईच्या वर्णनात नुसतं ‘४थी डिव्हिजन’ आलं की गफलत ठरलेली. १९४४ मध्ये तिथे चौथ्या क्रमांकाच्या दोन डिव्हिजन लढल्या, ब्रिटिश ४थी पायदळ आणि भारतीय ४थी.

आधी महिना पाहा. फेब्रुवारी-मार्च असेल आणि लढाई डोंगरावर असेल, तर ती भारतीय. १५ फेब्रुवारीला डोंगरावरच्या मठावर बॉम्बहल्ला झाला आणि त्याच रात्री पहिली रॉयल ससेक्स पलटण (बटालियन) मठाजवळच्या पॉइंट ५९३ या टेकडीवर चालून गेली. डोंगराची धार इतकी अरुंद, की एकाच कंपनीला पुढे धाडता आलं, हल्ला फसला. नाव इंग्लंडचं म्हणून ही पलटण अनेक जण ब्रिटिश डिव्हिजनच्या खाती टाकतात. पण भारतीय डिव्हिजनच्या दर ब्रिगेडमध्ये साधारणपणे एक ब्रिटिश पलटण असायचीच, बाकी दोन भारतीय किंवा गुरखा. मार्चमध्ये मठाच्या थेट खाली हँगमन्स हिलवर १/९ गुरखा (९व्या गुरखा रेजिमेंटची पहिली पलटण) अडकले. विमानातून टाकलेली रसद बरीचशी उतारावरून घरंगळून जायची. २४-२५ मार्चच्या रात्री त्यांना मागे घेतलं.

मे महिना आणि नदी असेल, तर ब्रिटिश ४थी. ११ मेच्या रात्री ती गारी नदीत होड्या घेऊन उतरली. प्रवाहाला ओढ जबर, समोरून मारा; त्या रात्री एकही पूल उभा राहिला नाही, त्यामुळे पलीकडे पोचलेल्यांना रणगाड्यांची साथ मिळेना. ‘ॲमेझॉन’ हा बेली पूल (तयार पोलादी भाग जोडून उभारायचा पूल) १३ मेच्या पहाटे पुरा झाला. शेजारच्या ८व्या भारतीय डिव्हिजनचे पूल मात्र १२ मेच्या सकाळीच तयार होते. १/५ मराठा याच ८व्या डिव्हिजनमधली.

या दोन्ही डिव्हिजन कॅसिनोआधी ट्युनिशियातही लढल्या; तिथे तारीख कामाची नाही, कारण ६ मे १९४३ ला दोन्ही डिव्हिजन खांद्याला खांदा लावून ट्युनिसच्या दिशेने निघाल्या. तिथे ब्रिगेडचे आकडे बघा: भारतीय ५ आणि ७, ब्रिटिश १० आणि १२. भारतीय डिव्हिजनची ११वी ब्रिगेड जून १९४२ मध्ये लिबियातल्या टोब्रुकला शत्रूच्या हाती पडली होती, आपली २/५ मराठाही तिच्यासोबत. कॅसिनोला दिसते ती नव्याने उभारलेली ११वी. ब्रिटिश ४थीकडेही कॅसिनोपर्यंत २८वी ब्रिगेड आलेली होती.

पलटणीच्या तिरक्या रेघेतही खोच आहे. ‘२/५ मराठा’ म्हणजे ५व्या मराठा रेजिमेंटची दुसरी पलटण. ब्रिटिश ४थीमधली ‘२/४ हॅम्पशायर’ मात्र हॅम्पशायर रेजिमेंटच्या ४थ्या पलटणीची जोडपलटण; तिथला ४ हा रेजिमेंटचा आकडा नव्हे. कॅप्टन रिचर्ड वेकफर्ड यांना कॅसिनोच्या १३ मे १९४४ च्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो याच पलटणीत असताना.

फोटो हाती असेल तर बाही पाहा: काळ्या चौकटीत लाल गरुड म्हणजे भारतीय, लाल वर्तुळाचा पाव तुकडा बाहेर सरकलेला असेल तर ब्रिटिश.