चेक इंजिन दिवा आणि बिघाडाचे कोड

चेक इंजिन दिवा : मोटारीच्या डॅशबोर्डवरील इंजिनाच्या आकृतीचा पिवळा-नारिंगी दिवा. इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, एखाद्या सेन्सरचे वाचन अपेक्षेबाहेर दिसले आणि त्यामुळे धुरातले प्रदूषण मर्यादा ओलांडेल असे वाटले, की तो हा दिवा लावतो व पाच चिन्हांचा कोड स्मरणात ठेवतो. तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला तर गाडी तिथेच बंद करायची असते. हा पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेज गाठता येते. तो लुकलुकू लागला, तर न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत पोहोचून तिथे पेटत आहे असे समजावे आणि गाडी कडेला घ्यावी.

कोडमध्ये असते ती ईसीयूची तक्रार. दोष नेमका कुठे आहे हे त्यावरून शोधून काढावे लागते, आणि जुन्या गाडीच्या व्यवहारात गफलत होते ती इथेच. ‘सेन्सर गेलाय, बदलून टाकू’ हे वाक्य पुष्कळदा कोड वाचणारा स्कॅनर निघायच्या आधीच ऐकू येते.

या पद्धतीचा उगम कॅलिफोर्नियातील हवेच्या नियमांत आहे. तिथे १९८८ पासून गाड्यांनी स्वतःची तपासणी करावी असे ठरले; १९९६ पासून अमेरिकेत सर्व नव्या मोटारींना ओबीडी-२ हे या स्वयंतपासणीचे एकसारखे मानक लागू झाले आणि युरोपात २००१ पासून पेट्रोल गाड्यांना. भारतात एप्रिल २०१० मध्ये पहिला टप्पा आला, ज्यात मुख्यतः वायरिंग तुटले आहे का एवढेच पाहिले जाई. एप्रिल २०१३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात सुटा भाग आपले काम नीट करतो का, हेही तपासले जाऊ लागले. धुराच्या मर्यादा ठरवणारे भारत स्टेज-४ हे मानक सर्वप्रथम ज्या १३ शहरांत लागू झाले त्यांत मुंबई होती. टप्प्यांच्या या फरकामुळे जुनी गाडी घेताना आरसी बुकावरचे उत्पादनाचे वर्ष आधी पाहावे. २०१० पूर्वीच्या गाडीत १६ पिनांचा सॉकेट दिसला, तरी बाजारातला साधा स्कॅनर तिच्याशी बोलेलच असे नाही.

हा सॉकेट चालकाच्या गुडघ्याच्या वर, स्टिअरिंगखाली असतो. वाचलेल्या कोडचे पहिले अक्षर विभाग सांगते : पी इंजिन व गिअरबॉक्स, बी बॉडी, सी चासी, यू संगणकांमधील दळणवळण. दुसऱ्या जागी शून्य असेल तर कोड सर्व कंपन्यांना समान, एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. (हे शून्य आहे, इंग्रजी ‘ओ’ नव्हे, इंटरनेटवर शोधताना अनेकजण इथेच चुकतात.) तिसरा अंक उपविभाग दाखवतो : १ आणि २ इंधन-हवा, ३ इग्निशन, ४ धूर-नियंत्रण. उरलेले दोन अंक नेमकी तक्रार.

बहुतेक दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत (इंजिन सुरू केल्यापासून बंद करेपर्यंतची एक फेरी) दिसले तरच दिवा लागतो. एकदाच दिसलेला दोष ‘पेंडिंग’ म्हणून राहतो. सलग तीन फेऱ्या निर्दोष गेल्या की दिवा विझतो, पण कोड त्यानंतरही इंजिन ४० वेळा गरम होऊन थंड होईपर्यंत साठून राहतो. कोड पडला त्या क्षणीचा इंजिनाचा वेग, तापमान, भार यांची नोंदही ईसीयू ठेवतो. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. चांगला मेकॅनिक कोडइतकेच महत्त्व या नोंदीला देतो, कारण दोष थंड इंजिनात आला की घाटात, हे तिथे कळते.

मुंबईच्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांत वारंवार भेटणारे कोड म्हणजे पी०३०० ते पी०३०४, गॅरेजच्या भाषेत ‘गाडी मिसिंग करते’, म्हणजे सिलिंडरमधले इंधन नीट पेटत नाही. शेवटचा अंक सिलिंडरचा. शून्य आला तर मिसिंग कुठल्या एका सिलिंडरचे नाही. सीएनजीवर ठिणगी पडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. त्यामुळे झिजलेला प्लग किंवा त्याला व्होल्टेज पुरवणारी कमकुवत कॉइल पेट्रोलवर कशीबशी निभावते आणि गॅसवर उघडी पडते. तपासणी सोपी आहे : दोषी सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरशी बदलून गाडी पुन्हा चालवायची. पी०३०३ चा पी०३०२ झाला तर कॉइल दोषी. कोड जागचा हलला नाही तर प्लग, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटमध्ये आणखी एक घोळ असतो. गॅसवर चालताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद असतात आणि ते चालू आहेत असे ईसीयूला भासवण्याचे काम एमुलेटर करतो. तो बिघडला की पी०२०१ पासूनचे इंजेक्टरचे कोड पडतात, इंजेक्टर मात्र ठणठणीत. दोन दिवस गाडी फक्त पेट्रोलवर चालवावी. कोड परत आला नाही तर इंजिनावर खर्च न करता किटवाल्याकडे जावे.

पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. ऑक्सिजन सेन्सर पाहून ईसीयू इंधन कमीजास्त करतो आणि ती दुरुस्ती टक्क्यांत दाखवतो. तिला फ्युएल ट्रिम म्हणतात. दहा टक्क्यांपर्यंत अधिक-उणे चालून जाते. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीत ट्रिम आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) २० टक्के आणि अडीच हजार आरपीएमला पाच असेल, तर एमएएफनंतरच्या इनटेक नळीत बाहेरची हवा शिरते आहे. उन्हात वर्षानुवर्षे तापलेले रबर तडकतेच. उलट भार वाढवल्यावर ट्रिम चढत असेल तर पेट्रोल पंप, फिल्टर किंवा मळलेला एमएएफ तपासावा. ऑक्सिजन सेन्सर बदलल्याने यातले काहीही सुटत नाही, तरी सर्वाधिक बदलला जातो तोच. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला त्याच हवेसाठी थोडे जास्त इंधन सोडावे लागते, त्यामुळे आधीच काठावर असलेली जुनी गाडी त्यावर हा कोड दाखवू शकते.

पी०४२० कन्व्हर्टरचा. आतील प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियममुळे तो महाग असतो आणि म्हणूनच कधीकधी नुसते कवच ठेवून आतला भाग काढून घेतलेला आढळतो. बदलण्यापूर्वी सायलेन्सरची गळती व जुने मिसिंग तपासावे. मिसिंग तसेच ठेवून बसवलेला नवा कन्व्हर्टरही जळतो. पीयूसी मिळाली म्हणजे हा भाग शाबूत आहे, असे मानू नये.

डिझेलची कहाणी थोडक्यात सांगता येते. भारत स्टेज-६ च्या गाडीत काजळी पकडणारा डीपीएफ असतो आणि ती जाळायला सलग वेगाचा प्रवास लागतो. दादर-परळच्या गर्दीत तो मिळत नाही आणि पी२४६३ येतो. एक्स्प्रेसवेवरून लोणावळ्याची एक फेरी पुष्कळदा पुरते.

पावसाळा मात्र वेगळे प्रकरण आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हापासून ‘पाण्यात गेलेली गाडी’ हा मुंबईकर ग्राहकाचा पहिला संशय. हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन आणि अंधेरी सबवे ही पाणी तुंबणाऱ्या जागांची नावे त्यासाठी पुरेशी आहेत. अशा गाडीत एक कोड क्वचितच मिळतो. यू०१०० सह आठ-दहा निरनिराळे कोड एकदम येतात. दहा सुटे भाग एकाच दिवशी बिघडत नाहीत. तेव्हा आधी बॅटरी, अर्थिंगची वायर आणि वायरी जोडणारे कपलर पाहावेत. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट हवेत. कपलरच्या पिना हिरव्या पडल्या असतील, किंवा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर पट्ट्यावर गाळाची रेघ दिसली, तर पुढे भाव करण्यात अर्थ नाही. पाणी शिरले नसले तरी उंदीर-घुशी असतातच. सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्या बॉनेटखाली उबेला येतात आणि सेन्सरच्या वायरी कुरतडतात. त्यावर तंबाखूची पाने ठेवण्याचा उपाय सर्वत्र दिसतो, घुशींनी तो मनावर घेतलेला दिसत नाही.

स्कॅनर लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, सहज मिळतो; ब्लूटूथचा स्वस्त अ‍ॅडॅप्टर इंजिनाचे कोड वाचायला पुरतो, एबीएस-एअरबॅगचे बहुधा वाचत नाही. गाडी विकत घेताना तो खिशात असावा, पण पेटलेला दिवा शोधण्यासाठी नव्हे. विकणारा दिवा विझवूनच गाडी दाखवतो. स्कॅनरच्या एका बटणाने किंवा कित्येक गाड्यांत बॅटरीची वायर थोडा वेळ काढूनही कोड पुसले जातात. म्हणून आधी इंजिन चालू न करता चावी फिरवावी. दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब काढला आहे किंवा वायर कापली आहे. मग रेडिनेस मॉनिटर पाहावेत. कोड पुसले की कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर यांच्या स्वयंतपासण्याही शून्यावर जातात आणि ‘अपूर्ण’ दिसतात. कोड पुसल्यापासूनचे किलोमीटरही अनेक गाड्या सांगतात. ‘तीन वर्षांत गॅरेज पाहिले नाही’ असे सांगितलेल्या गाडीत हा आकडा ११ निघाला, तर बोलणे पुन्हा सुरुवातीपासून करावे लागते.

या तपासण्या पूर्ण व्हायला थंड इंजिनाने सुरुवात, थोडे आयडल आणि मग काही मिनिटे एकसारखा वेग लागतो. मुंबईत ते पहाटे ईस्टर्न फ्रीवे किंवा अटल सेतूवर जमते, दिवसा सायन-कुर्ल्याकडे नाही. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सहाला अशी फिरवू द्या म्हटले की काही विक्रेते पेट्रोलच्या खर्चाचे कारण काढतात. ग्राहकाने पाचशेचे पेट्रोल स्वतः टाकायची तयारी दाखवली की खरे कारण पेट्रोलच होते का, ते समजते.