भिंतीवर उगवलेल्या वड-पिंपळांपासून बोन्साय : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

परदेशातील बोन्सायप्रेमी रानातून ओकची जुनी, वाकडीतिकडी झाडे मुळांसकट काढून आणतात, तसे झाड मुंबईत मिळेल का, अशी विचारणा आमच्या रोपवाटिकेत वारंवार होते. ओक हिवाळा सरताना, कळ्या फुगण्याआधी काढावा लागतो, आणि त्याच्या मुळांशी राहणाऱ्या उपयुक्त बुरशीसाठी मूळची थोडी माती सोबत ठेवावी लागते. आपल्या देशातला बांज ओक हिमालयाच्या उतारांवर वाढतो. मुंबईच्या दमट उकाड्यात त्याचा खटाटोप आम्ही सुचवत नाही. मात्र आखूड जाड खोड, खुरटलेली वाढ आणि उघडी पडलेली मुळे हे रानातल्या झाडाचे गुण आपल्या चाळींच्या भिंतींवर, गच्चीच्या कठड्यांवर आणि पाइपांमागे उगवलेल्या वड, पिंपळ, उंबर व नांदरुकांत सहज आढळतात.

पक्ष्यांच्या व वटवाघळांच्या विष्ठेतील बियांपासून रुजलेली ही रोपे सोसायटीला नकोशीच असतात, कारण त्यांच्या मुळांनी भेगा रुंदावतात व पाणी आत झिरपते. तरीही समितीची लेखी संमती घ्यावी आणि खोड जाड असेल तर महापालिकेच्या विभाग कार्यालयातील उद्यान खात्यात आधी विचारावे. शहरी भागातील झाडांना 1975 च्या राज्य अधिनियमाचे संरक्षण आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून किंवा कोणत्याही वनक्षेत्रातून आणलेले झाड आम्ही कोणत्याही कारणास्तव स्वीकारत नाही.

झाड काढण्यास मृगाच्या आगेमागे, म्हणजे मे अखेरपासून जुलैपर्यंतचा काळ उत्तम, कारण तेव्हा हवेत ओलावा असतो आणि मुळे लवकर फुटतात. इमारतीच्या दुरुस्तीसाठी बांधलेली परांची पावसाआधी उतरवली जाते, तत्पूर्वी त्या कामगारांकडूनच रोप काढून घेणे सर्वांत सुरक्षित. खिडकीतून वाकून हा उद्योग कोणीही करू नये. रोप ओढू नये, कारण ओढल्यावर खोड हाती येते आणि कामाची मुळे भिंतीतच राहतात. आधी शेंडा छाटून बहुतेक पाने काढावीत, मग छिन्नीने भोवतालचा गिलावा हळूहळू सोडवून जितकी बारीक मुळे मिळतील तितकी मोकळी करावीत. जुन्या चाळीत मूळ विटांच्या सांध्यात खोल शिरले असेल, तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय हात लावू नये. कापल्यावर पांढरा चीक वाहतो. तो डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि पाण्याने धुऊन टाकावा. मुळे लगेच ओल्या गोणपाटात गुंडाळावीत.

लावण्यापूर्वी मुळांना चिकटलेला चुना-सिमेंट धुऊन काढावे. ओकप्रमाणे मूळची माती जपण्याची येथे गरज नाही. तीन ते सहा मिलिमीटरचे विटांचे तुकडे दोन भाग, धुतलेली जाड वाळू एक भाग आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग हे मिश्रण पुरेसे आहे. खाडीची वाळू खारट असल्याने टाळावी. उथळ ट्रेची घाई न करता साधी मातीची कुंडी घ्यावी आणि खोड तारेने कुंडीला घट्ट बांधावे, कारण ते हलत राहिले तर नवी नाजूक मुळे तुटतात. नवी पाने पक्की होईपर्यंत सावली द्यावी व खत देऊ नये. फांद्यांना आकार देणारी तार किमान वर्षभर लावू नये.

भिंतींवर पिंपळच अधिक दिसतो, पण त्याची पाने मोठी व फांद्यांची पेरे लांब असल्याने नवशिक्यांना आम्ही नांदरुक किंवा वड सुचवतो. पिंपळ-औदुंबर उपटण्याबाबत अनेक घरांत संकोच असतो, आणि तो रास्त आहे. मात्र तेच रोप उद्या ॲसिड ओतून मारले जाणार असेल, तर ते कुंडीत हलवणे बरे, असे आमचे मत आहे.

काढलेले रोप त्याच दिवशी, संमतीपत्रासह आणल्यास आम्ही मुळे छाटून, कुंडीत लावून ते पालवी फुटेपर्यंत आमच्या शेडनेटमध्ये ठेवतो. भिंतीवरून काढलेले प्रत्येक झाड जगतेच असे नाही, त्यामुळे त्याची हमी आम्ही देत नाही.