आवाज बंद झाले, मग हात धुणं का सुरू झालं?

स्किझोफ्रेनिया असलेल्या घरात हे बरेचदा होतं. भास कमी झालेत, संशय कमी झालाय, पोरगा परत सगळ्यांसोबत जेवायला बसायला लागलाय, आणि मग काही महिन्यांनी तो बाथरूममधून बाहेरच येत नाही. गॅस बंद आहे का ते दहादा बघतो, कडी लावली का हे आईला परत परत विचारतो. घरचे घाबरतात, आजार उलटला म्हणतात. पण दरवेळी तसंच असतं असं नाही, ही ओसीडीची म्हणजे मंत्रचळाची लक्षणं असू शकतात आणि त्यांचा इलाज वेगळा आहे, म्हणून हे लिहितोय.

वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिलं तर स्किझोफ्रेनियाच्या साधारण 12 टक्के पेशंटना पूर्ण ओसीडी असतो, आणि थोडीफार लक्षणं असलेले पण धरले तर आकडा 25 ते 30 टक्क्यांवर जातो. एरवी लोकांमध्ये ओसीडी 2 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे हा काही योगायोग नाही.

मग हे इतकी वर्षं दिसलं कसं नाही? 1926 साली यारराइस या संशोधकांनी स्किझोफ्रेनियाचे हजारेक पेशंट पाहिले तर जेमतेम 1 टक्का सापडले, 1957 मध्ये रोझेन यांना साडेतीन टक्के. मंत्रचळ असला की मन पूर्ण ढासळत नाही, उलट ते एक संरक्षणच आहे असंही तेव्हा मानायचे. 1986 मध्ये अमेरिकेतल्या चेस्टनट लॉज हॉस्पिटलच्या जुन्या पेशंटचा अभ्यास फेंटन आणि मॅकग्लाशन यांनी केला तेव्हा 13 टक्क्यांच्या आसपास निघाले, आणि त्यांची पुढची अवस्था इतरांपेक्षा वाईट होती, म्हणजे संरक्षण वगैरे काही नाही. त्यात 1980 च्या अमेरिकन निदान-पुस्तकात नियमच असा होता की लक्षणं स्किझोफ्रेनियामुळे असतील तर ओसीडीचं वेगळं निदान करायचं नाही. 1987 मध्ये तो नियम गेला. जे लिहायलाच बंदी ते मोजणार कोण?

आता हे जास्त दिसतं, त्याचं दुसरं कारण औषधात आहे. दोन औषधं पुरेशा डोसने देऊनही गुण आला नाही की क्लोझापिन देतात, आणि अशा पेशंटसाठी त्याच्या तोडीचं औषध अजून नाही. अमेरिकेत 1989 मध्ये त्याला मंजुरी मिळाली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांतच डॉक्टर लिहायला लागले की आधी कधीच नव्हता असा मंत्रचळ या गोळ्यांवर सुरू होतोय. आज अंदाज असा की क्लोझापिन घेणाऱ्या साधारण पाचातल्या एकाला किंवा जास्त जणांना हे होतं. सेरोटोनिन हे मेंदूतलं एक रसायन, ते जिथे काम करतं त्यातल्या काही जागा (रिसेप्टर) क्लोझापिन जोरात अडवतं आणि ओसीडीची औषधं सेरोटोनिन वाढवतात, त्यामुळे संशय तिथेच आहे, पण हे अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही. काहींना मात्र मंत्रचळ स्किझोफ्रेनियाच्या आधीपासूनच असतो, तिथे गोळीचा काही दोष नाही.

ओळखायचं कसं, हा खरा अवघड भाग. हात दोघंही धुतात. एक म्हणतो नळाच्या पाण्यात शेजाऱ्यांनी विष टाकलंय, आणि त्याला तशी खात्रीच असते. दुसरा म्हणतो मला कळतंय हे वेड्यासारखं आहे, हात स्वच्छ आहेत, पण धुतल्याशिवाय जीव थाऱ्यावर येत नाही. पहिला भ्रम, दुसरा मंत्रचळ. देवाबद्दल घाण विचार किंवा आईला मारण्याचे विचार येत असतील तर विचारायचं, हे तुझेच विचार वाटतात का कोणी डोक्यात घालतंय? प्रत्यक्षात सीमारेषा इतकी स्वच्छ नसते, कारण ओसीडीतही कधीकधी खात्री वाटते, आणि काही जणांत दोन्ही एकत्र असतं. म्हणून हा फरक डॉक्टरांनाच करू द्या.

यावर उपाय आहेत. क्लोझापिनचा डोस शक्य तितका कमी करतात, सोबत अॅरिपिप्राझोल ही स्किझोफ्रेनियाचीच दुसरी गोळी देतात किंवा ओसीडीची गोळी जोडतात. इथे एक धोका आहे, फ्लुवोक्सामिन नावाची ओसीडीची गोळी क्लोझापिनचं रक्तातलं प्रमाण कित्येक पटींनी वाढवू शकते, फिट्सपर्यंत मामला जातो, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडून गोळी घेताना क्लोझापिन चालू आहे हे सांगाच. विडी-सिगरेट अचानक सोडली तरी प्रमाण वाढतं. भीती वाटत असताना हात न धुता थांबायला शिकवणारी थेरपी पण काही पेशंटना जमते, फक्त भास आटोक्यात हवेत आणि घाई नको.

आणि मंत्रचळ दिसला म्हणून स्वतःच्या मनाने क्लोझापिन बंद करू नका. भास जोरात परत येऊ शकतात, शिवाय 48 तासांपेक्षा जास्त खंड पडला तर जुना डोस एकदम सुरू करता येत नाही, 12.5 मिलीग्रॅमपासून परत चढवावं लागतं. त्यापेक्षा वहीत लिहून ठेवा, हे कधी सुरू झालं, त्याआधी कुठली गोळी बदलली किंवा वाढवली, दिवसाचा किती वेळ यात जातो, आणि पुढच्या व्हिजिटला ती वही डॉक्टरांसमोर ठेवा, कारण पेशंट लाजेपोटी स्वतःहून सांगत नाही.