चूक की बरोबर: उत्तरपत्रिका किती तऱ्हांच्या?

‘खालील विधाने चूक की बरोबर ते लिहा’ हा प्रश्न नागपूरच्या शाळांतही घटक चाचणीपासून वार्षिक परीक्षेपर्यंत भेटतो, आणि ज्याचा अभ्यास झालेला नाही तोही तो सहसा सोडत नाही. अशी दहा विधाने असतील, तर उत्तरपत्रिका एकूण किती तऱ्हांनी लिहिता येईल?

पहिल्या विधानाची उत्तरे दोन; त्या प्रत्येकाबरोबर दुसऱ्याची दोन, म्हणजे चार; तिसऱ्यापाशी आठ. हे आठ प्रकार मराठीच्या तासाला आपण घोकलेले असतात, कारण अक्षरगणवृत्तांचे आठ गण याच हिशेबाने होतात. ‘बरोबर’ला गुरू आणि ‘चूक’ला लघू मानले, की चूक-बरोबर-बरोबर हा य गण, बरोबर-चूक-बरोबर हा र गण, तिन्ही बरोबर हा म गण आणि तिन्ही चूक हा न गण. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंच्या अशा सर्व रचना क्रमाने मांडण्याची आणि न मांडताही त्यांची संख्या काढण्याची रीत दिलेली आहे.

प्रत्येक विधानागणिक संख्या दुप्पट होत असल्याने दहा विधानांना १,०२४ आणि वीस विधानांना १०,४८,५७६ प्रकार होतात. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती. विधाने बावीस केली, तर या प्रत्येकाला वेगळी उत्तरपत्रिका देऊनही जवळजवळ अठरा लाख शिल्लक राहतील.

मात्र नुसत्या एकूण संख्येने हुरळून जाण्यात अर्थ नाही. खरी गंमत तिच्या वाटणीत आहे. १,०२४ पैकी दहाही उत्तरे जुळणारी उत्तरपत्रिका एकच, नऊ जुळणाऱ्या १०, आठ जुळणाऱ्या ४५, सात जुळणाऱ्या १२०, सहा जुळणाऱ्या २१० आणि पाच जुळणाऱ्या २५२. त्याखाली हेच आकडे उलट क्रमाने उतरतात. दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलावरील टीकेत वर्णिलेल्या आणि आज पास्कलचा त्रिकोण म्हणून शिकवल्या जाणाऱ्या मेरुप्रस्तारातली ही एक ओळ आहे.

आता उत्तीर्ण होण्यासाठी ३५ टक्के गुण लागतात असे धरू. दहापैकी चार उत्तरे जुळली की पुरे, आणि अशा उत्तरपत्रिका ८४८ आहेत. म्हणजे प्रश्न न वाचता केवळ नाणे उडवून उत्तरे लिहिणाराही सुमारे ८३ टक्के वेळा उत्तीर्ण होईल. विधाने वाढवली की त्याला आळा बसेल, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण घडते उलटेच. वीस विधानांत सात उत्तरे जुळावी लागतात आणि ९,८८,११६ उत्तरपत्रिका ही अट पुरी करतात, म्हणजे शक्यता ९४ टक्क्यांवर जाते. विधाने वाढतात तसतशी गर्दी निम्म्याच्या आसपास अधिकाधिक दाटते, आणि उत्तीर्णतेची रेघ निम्म्याच्या खाली आहे.

उपाय आहे तो निगेटिव्ह मार्किंगचा. प्रत्येक चुकीला एक गुण कापला, तर वीसही विधानांची उत्तरे लिहिणाऱ्याला सात गुणांसाठी किमान चौदा बरोबर लागतात, कारण तेरा बरोबर आणि सात चूक असली तर हाती सहाच उरतात. चौदा किंवा अधिक जुळणाऱ्या उत्तरपत्रिका ६०,४६० आहेत, म्हणजे सहा टक्क्यांहूनही कमी. आणि गुण कापले जात नव्हते तेव्हा अनुत्तीर्ण ठरणाऱ्या उत्तरपत्रिकाही नेमक्या तितक्याच होत्या.