पाचोळ्यातलं ते ‘विंचवाचं पिल्लू’ विंचू नाहीच

ओला पाचोळा उचलला की कधीकधी तिळाएवढा, तपकिरी, पुढे दोन नांग्या उगारलेला जीव दिसतो. ‘विंचवाचं पिल्लू आहे, चावेल, मारा!’ ही ओरड पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. ती चुकीची आहे.

हा छद्मविंचू, म्हणजे स्यूडोस्कॉर्पियन. भिंगाखाली त्याची मागची बाजू बघा: शरीर गोलसर संपतं. शेपूट नाही, शेपटीवरचा विषारी काटा नाही, म्हणजे डंखाचा प्रश्नच मिटला. विंचवाच्या पिल्लाला मात्र जन्मापासून शेपूट असते, आणि पहिली कात टाकेपर्यंत ते आईच्या पाठीवरच बसलेलं असतं.

युरोपातल्या पाचोळ्यात सर्रास आढळणारा एक छद्मविंचू, निओबिसियम कार्सिनॉइडिस, जेमतेम २-३ मिलिमीटरचा. बऱ्याच छद्मविंचवांच्या पुढच्या नांग्यांत विष असतं, हे खरं. पण ते माइट (कोळ्यांच्या कुळातले सूक्ष्म जीव) आणि स्प्रिंगटेल (मातीतले उड्या मारणारे चिमुकले जीव) अशा बारीक भक्ष्यापुरतं. माणसाला त्याचा काहीही धोका नाही.

मला सर्वांत मोह पडतो तो त्याच्या घराचा. तोंडाजवळच्या अवयवांतून रेशीम काढून तो इवलीशी कुपी विणतो आणि तिच्या आत बसून कात टाकतो. बोट जवळ नेलंत तर नांग्या आखडून झर्रकन उलटा पळतो. त्याला पळू द्या, पाचोळा परत होता तसा पसरून ठेवा.