प्रोसेस प्रायॉरिटी आणि स्टार्टअप प्रोग्राम सांभाळणारी मोफत साधनं

कम्प्युटरवर एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्राम्सपैकी (चालू असलेला प्रोग्राम म्हणजे प्रोसेस) प्रोसेसर आधी कोणाला द्यायचा आणि मशीन चालू झाल्याबरोबर आपोआप काय काय सुरू होऊ द्यायचं, या दोन गोष्टी वापरणाऱ्याच्या हातात देणारे छोटे मोफत प्रोग्राम म्हणजे ही साधनं. काही ऑपरेटिंग सिस्टिमसोबतच येतात (टास्क मॅनेजर, एमएस-कॉन्फिग, युनिक्समधली नाइस कमांड), काही बाहेरून उतरवून घ्यावी लागतात (प्रोसेस एक्सप्लोरर, ऑटोरन्स, प्रोसेस लासो, सिस्टिम इन्फॉर्मर). दोन्ही कामं एकाच नोंदीत घ्यायची पद्धत आहे कारण तक्रार एकच असते, मशीन स्लो झालंय. पण त्यांचा उगम वेगळा आहे आणि फायदाही सारखा नाही, हे पुढे येईलच.

उगम : प्रायॉरिटीची कल्पना नेमकी कुठून आली यावर दोन मतं दिसतात. एक मत सगळं श्रेय युनिक्सच्या नाइस कमांडला देतं, म्हणजे काळ साधारण १९७०च्या दशकाची पहिली काही वर्षं. दुसरं मत त्याच्या आधी जातं, एमआयटीमधल्या सीटीएसएस या टाइमशेअरिंग (एकच मशीन अनेकांनी एकाच वेळी वापरायच्या) सिस्टिमपर्यंत, जिचं पहिलं प्रात्यक्षिक १९६१च्या नोव्हेंबरात झालं आणि जिच्यावरचा फर्नांडो कोर्बातो आणि सहकाऱ्यांचा निबंध १९६२ साली आला (कोर्बातोंना पुढे १९९०चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं). सीटीएसएसमधे एकाखाली एक अशा अनेक रांगा होत्या, प्रोग्राम किती मोठा आहे ते बघून त्याला सुरुवातीची रांग मिळायची, दिलेल्या वेळात काम संपलं नाही तर तो खालच्या रांगेत ढकलला जायचा, तिथे पाळी उशिरा यायची पण आली की दुप्पट वेळ मिळायचा. यात वापरणाऱ्याला विचारणं नव्हतं, सिस्टिम स्वतःच ठरवायची. नाइसमधे उलट, माणूस स्वतःहून सांगतो की माझं काम मागे ठेवा, दुसऱ्यांना पुढे जाऊ द्या.

या नोंदीपुरतं बघायचं तर सीटीएसएसचा धागा जास्त महत्त्वाचा धरावा लागतो, कारण आजची चांगली साधनं (विशेषतः प्रोसेस लासो) तेच करतात, हावरट प्रोग्राम ओळखून त्याला थोडा वेळ खाली ढकलतात. आकडा हाताने बदलायची सोय मात्र नाइसचीच देणगी आहे. त्याआधीच्या मेनफ्रेमवर कामाच्या कार्डांमधे प्रायॉरिटी लिहायची सोय होती, आयबीएमच्या ओएस/३६० मधे ती होतीच, पण ती कामं आळीपाळीने सोडायची व्यवस्था होती, समोर बसलेल्या माणसाच्या कीबोर्डशी तिचा संबंध नव्हता.

विंडोजच्या बाबतीत अजून एक गैरसमज काढायला हवा. विंडोजची प्रायॉरिटी युनिक्सवरून घेतली असं बरेच ठिकाणी लिहिलेलं सापडतं, ते पटण्यासारखं नाही. विंडोज एनटी १९९३ साली आली आणि तिचे मुख्य रचनाकार डेव्हिड कटलर हे डीईसी कंपनीत व्हीएमएस या सिस्टिमवर काम करून आलेले, ती १९७७ साली जाहीर झाली होती. व्हीएमएसमधे ० ते ३१ अशा ३२ पायऱ्या, त्यातल्या १६ ते ३१ रिअलटाइमसाठी (जराही उशीर न चालणाऱ्या कामांसाठी) राखीव, आणि एनटीमधेही तंतोतंत हीच वाटणी. दोन्हीकडे आकडा मोठा म्हणजे मान मोठा. युनिक्समधे नेमकं उलटं, नाइसचा आकडा उणे २० ते १९, आणि जितका आकडा मोठा तितका प्रोग्राम मागे. लिनक्सवरून विंडोजवर येणारी मुलं इथे हमखास अडखळतात.

विंडोजमधली रचना : टास्क मॅनेजरमधे दिसणाऱ्या सहा पायऱ्या म्हणजे लो, बिलो नॉर्मल, नॉर्मल, अबव्ह नॉर्मल, हाय आणि रिअलटाइम, त्यांचे मूळ आकडे अनुक्रमे ४, ६, ८, १०, १३ आणि २४. बिलो नॉर्मल आणि अबव्ह नॉर्मल या दोन विंडोज २००० पासून आल्या. खरं तर प्रायॉरिटी प्रोसेसला नसतेच, ती आतल्या प्रत्येक थ्रेडला (प्रोग्राममधे स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामाच्या धाग्याला) असते, प्रोसेसची पायरी हा फक्त पाया, आणि त्यावर सिस्टिम वेळोवेळी बूस्ट, म्हणजे तात्पुरती बढती, देत राहते. एखादा थ्रेड तयार असून साधारण ४ सेकंद त्याला पाळीच मिळाली नाही तर बॅलन्स सेट मॅनेजर नावाचा आतला भाग त्याला थोड्या वेळासाठी एकदम १५ वर उचलतो, म्हणून लो केलेला प्रोग्राम कायमचा उपाशी राहत नाही. समोर उघडी असलेली विंडो ज्याची, त्याला घरगुती विंडोजमधे पाळीचा वेळही तिप्पट मिळतो, ६ टिक (सिस्टिमच्या घड्याळाचे ठोके) म्हणजे साधारण ९४ मिलिसेकंद, मागच्यांना २ टिक. म्हणजे कोणी हाताने काही करायच्या आधीच सिस्टिमने बरंच करून ठेवलेलं असतं.

आता खरा मुद्दा. प्रायॉरिटीने फक्त रांगेतला क्रम बदलतो, प्रोसेसरची ताकद वाढत नाही. चार कोअरच्या मशीनवर एकच जड प्रोग्राम चालू असेल आणि बाकी सगळं शांत असेल तर त्याला हाय करा की लो करा, काम तेवढ्याच वेळात संपतं, कारण रांगच नाहीये. फरक पडतो तो गर्दी असेल तेव्हाच. आणि गर्दीत आवडत्या प्रोग्रामला हाय करण्यापेक्षा नावडत्याला बिलो नॉर्मल करणं केव्हाही बरं, हे या नोंदीचं स्पष्ट मत आहे. व्हिडिओ एक्सपोर्ट लावलाय आणि मधे ब्राउझर अडकतोय, तर ब्राउझर वर न उचलता एक्सपोर्टला एक पायरी खाली सोडा, एक्सपोर्टला थोडा उशीर होईल पण बाकी काम चालू राहील. रिअलटाइमला हात लावू नये. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या कागदपत्रांतही इशारा आहे की त्यामुळे माउस अडकू शकतो आणि डिस्कवर लिहायचा डेटा वेळेवर लिहिला जात नाही. ॲडमिन अधिकार नसताना रिअलटाइम निवडलं तर विंडोज गुपचूप हाय देते, ते एका परीने चांगलंच आहे.

व्हिस्टापासून (२००७) डिस्कच्या कामालाही वेगळी प्रायॉरिटी आली, ही गोष्ट कमी लोकांना माहीत असते आणि जुन्या मशीनवर तीच जास्त कामाची. विंडोज ११ च्या २०२२च्या मोठ्या अपडेटपासून टास्क मॅनेजरमधे हिरव्या पानाच्या खुणेचा एफिशियन्सी मोड आहे, तो प्रायॉरिटी खाली आणतो आणि सोबत प्रोसेसरला कमी वीज खाऊन काम करायला सांगतो.

साधनं : टास्क मॅनेजर डेव्ह प्लमर यांनी लिहिला, एनटी ४.० (१९९६) पासून तो सोबत येतो. त्याची मोठी उणीव अशी की लावलेली प्रायॉरिटी प्रोग्राम बंद होईपर्यंतच टिकते, परत उघडला की पुन्हा नॉर्मल. प्रोसेस एक्सप्लोररचंही तसंच, पण कोणी कोणाला सुरू केलं हे झाडासारखं दाखवण्यात त्याच्या जवळपास कोणी नाही. तो मार्क रुसिनोविच यांचा, त्यांनी आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९६ साली सुरू केलेल्या सिसइंटर्नल्समधला, आणि जुलै २००६ मधे मायक्रोसॉफ्टने ते सगळंच विकत घेतलं तरी साधनं मोफतच राहिली. प्रायॉरिटी कायमची लक्षात ठेवणारं सगळ्यात परिचित साधन म्हणजे बिटसमचं प्रोसेस लासो, मोफत आवृत्तीत काही सोयी कमी आहेत पण हावरट प्रोग्रामला खाली ढकलणारा प्रोबॅलन्स हा गाभा मिळतो. सिस्टिम इन्फॉर्मर (आधीचं नाव प्रोसेस हॅकर) ओपन सोर्स आहे. काहीही उतरवायचं नसेल तर शॉर्टकटमधे स्टार्ट कमांड आणि बिलो नॉर्मलचा स्विच लिहिला तरी तो प्रोग्राम दर वेळी त्याच पायरीवर उघडतो.

लिनक्सवर नाइस, आधीच चालू असलेल्या प्रोसेससाठी रिनाइस, डिस्कसाठी आयोनाइस, आणि हे सगळं रंगीत बघायला एचटॉप (२००४). २००७ साली इंगो मोलनार यांचा सीएफएस शेड्यूलर (पाळी ठरवणारा भाग) आल्यापासून नाइसची प्रत्येक पायरी प्रोसेसरच्या वाट्यात साधारण सव्वापट फरक करते. पण २०११च्या कर्नल (लिनक्सचा गाभा) २.६.३८ पासून एका सेशनमधल्या प्रोसेसचा एक गट धरणारं ऑटोग्रुप आलं, आणि ते चालू असेल तर एका टर्मिनलमधे दिलेला नाइस फक्त त्याच सेशनमधल्या बाकी प्रोसेसच्या तुलनेत चालतो, बाहेरच्या ब्राउझरवर त्याचा जवळजवळ परिणाम नाही. नाइस लावूनही काही होत नाही असं कोणी म्हटलं तर आधी हे तपासावं. मॅकवर प्रोग्राम आपोआप सुरू करायचं काम २००५ पासून लाँचडी बघतं.

स्टार्टअप : डॉसमधे ऑटोएक्झेक बॅट फाइल, विंडोज ३.१ मधे विन आयएनआय फाइलमधल्या लोड आणि रन या ओळी आणि स्टार्टअप ग्रुप, मग रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या) रन आणि रनवन्स की, सर्व्हिसेस (मागे न दिसता चालणारे प्रोग्राम), शेड्यूल्ड टास्क (ठरलेल्या वेळी चालणारी कामं), अशा जागा वाढतच गेल्या आणि जुनी एकही जागा धड बंद झाली नाही. इथेच बाहेरच्या साधनांची गरज पडली. एमएस-कॉन्फिग विंडोज ९८ मधे आलं, विंडोज २००० मधे दिलंच नाही, लोक एक्सपीमधून फाइल उचलून २००० वर चालवायचे, आणि ती चालायचीही. त्याच सुमाराला माइक लिन यांचं स्टार्टअप कंट्रोल पॅनल खूप वापरात होतं. विंडोज ८ (२०१२) मधे ही यादी टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमधे गेली. तिथे दिसणारा इम्पॅक्ट अंदाजपंचे नसतो, सुरू होताना १ सेकंदापेक्षा जास्त प्रोसेसर किंवा ३ एमबीपेक्षा जास्त डिस्क वापरली तर हाय, दोन्हीत ३०० मिलिसेकंद आणि ३०० केबीच्या खाली असेल तर लो, मधलं ते मीडियम.

पण हा टॅब अर्धंच दाखवतो. सर्व्हिस आणि शेड्यूल्ड टास्क तिथे येत नाहीत, आणि अपडेट तपासणारे बहुतेक प्रोग्राम त्यांच्यातच लपलेले असतात. ते सगळं एका जागी बघायचं तर ऑटोरन्सला पर्याय नाही. उघडल्यावर आधी मायक्रोसॉफ्टच्या एंट्री लपवायचा पर्याय लावावा म्हणजे यादी आवरते, पिवळी ओळ म्हणजे फाइलच जागेवर नाही, गुलाबी म्हणजे प्रकाशकाची ओळख नाही. टिक काढली तर एंट्री बाजूला ठेवली जाते, परत लावता येते, डिलीट केली तर गेली. म्हणून टिकच काढावी.

सीक्लीनरसारख्या एकत्रित साधनांतही स्टार्टअपची यादी असते, मात्र २०१७ साली त्याच्या ५.३३ आवृत्तीच्या अधिकृत इन्स्टॉलरमधेच व्हायरस घुसवला गेला होता, ही घटना विसरता येत नाही. एवढ्या कामासाठी सिस्टिमसोबतची साधनं आणि ऑटोरन्स पुरतात.

इंदूरमधला वापर : आरएनटी मार्गावरचा सिल्व्हर मॉल आणि जेल रोड इथल्या दुकानांत स्लो मशीनवर पहिला उपाय म्हणून बऱ्याचदा फॉरमॅट मारणंच सुचवलं जातं. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागातल्या मराठी घरांत मुलं पुण्याला किंवा बंगळुरूला आणि आईबाबांचं मशीन इकडे, असं चित्र नेहमीचं, तिथे लांबून स्क्रीन बघायचं ॲप स्टार्टअपमधे ठेवणं गरजेचंच, ते काढलं की बाबांना दर वेळी फोनवर आकडा वाचून दाखवावा लागतो.

एमपीऑनलाइनच्या कियोस्कवरची (मध्य प्रदेशातल्या सरकारी ऑनलाइन सेवांच्या केंद्रांवरची) यादी जरा जवळून बघण्यासारखी आहे. ४ जीबी रॅम, जुनी हार्डडिस्क, आणि सकाळी मशीन लावल्यावर प्रिंटरची स्टेटस विंडो, स्कॅनरचा बटण-प्रोग्राम, दोन ब्राउझरचे अपडेटर, चॅट ॲप, अँटिव्हायरस, हिंदी-मराठी टायपिंगचा कीबोर्ड, सगळे एकदम डिस्कवर तुटून पडतात. टास्क मॅनेजरमधे डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर १५-२० टक्क्यांवर निवांत दिसला तर प्रोसेसर प्रायॉरिटी बदलून काडीचाही उपयोग नाही, अडलंय ते डिस्कवर. तिथे स्टार्टअपच कमी करायचा, आणि खिसा परवानगी देत असेल तर एसएसडी बसवायची. अपडेटर, चॅट ॲप, स्टेटस विंडो बिनधास्त काढाव्यात. पण बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्राची आरडी (रजिस्टर्ड डिव्हाइस) सर्व्हिस काढू नये, आधारची ई-केवायसी तिच्यामार्फतच होते, ती बंद असेल तर यंत्राचा दिवा लागला तरी ठसा पुढे जात नाही आणि समग्र आयडीच्या (मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-ओळख क्रमांकाच्या) कामाला आलेली माणसं ताटकळत राहतात. कर सल्लागारांच्या ऑफिसात डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर आणि टॅलीचा गेटवे सर्व्हर यांचंही असंच. टायपिंगचा कीबोर्ड काढला तर जुन्या फॉन्टवर टाइप करणाऱ्याचं काम तिथेच थांबतं.

बदल एका वेळी एकच करावा आणि रिस्टार्ट करून बघावं. दहा टिका एकदम काढल्या आणि प्रिंटर बंद पडला तर कोणत्या टिकेने पडला हे शोधायला पाच टिका परत लावून रिस्टार्ट, मग उरलेल्यातल्या अर्ध्या, असं करत जावं लागतं.