इन्फिनिटिव्ह-लोप (इंग्रजी व्याकरण)

इन्फिनिटिव्हमधले (‘टू’ व त्यापुढचे मूळ क्रियापद) आधी येऊन गेलेले क्रियापद पुन्हा न उच्चारता नुसत्या ‘टू’वर वाक्य संपवण्याची इंग्रजीतील रीत. ‘आर यू कमिंग?’ – ‘आय’ड लाइक टू.’ येथे ‘कम’ अध्याहृत आहे. क्रियापदासोबत त्याचे कर्मही गळते: ‘शी टोल्ड मी टू लॉक द गेट, बट आय फरगॉट टू’. बोलताना आघात ‘टू’वर नव्हे, त्याआधीच्या क्रियापदावर येतो.

तुरळक उदाहरणे साधारण १४व्या शतकापासूनची दाखवली जातात. रीत रुळली ती बहुधा १९व्या शतकात.

मागे उरलेला ‘टू’ कोणत्या वर्गातला, हा खरा वादाचा मुद्दा. ‘लुक फॉरवर्ड टू सीइंग’ यातला ‘टू’ शब्दयोगी. हा तो नव्हे, हे सर्वमान्य. भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी १९८२ मध्ये त्याला सहायक क्रियापद ठरवले, कारण ‘आय कॅन’ किंवा ‘आय विल’ यांच्यापुढचे क्रियापद गळते तसेच याच्यापुढचेही गळते. पुढे २००२ मध्ये, रॉडनी हडल्स्टन यांच्यासह सिद्ध केलेल्या ‘केंब्रिज ग्रामर ऑफ द इंग्लिश लँग्वेज’ या व्याकरणात मात्र त्याला गौणत्वदर्शक शब्द (पुढचे वाक्य गौण असल्याची नुसती खूण) मानले आहे. केवळ लोपापुरते पाहिले तर जुने मत अधिक सोयीचे वाटते. पण कर्त्याच्या जागी हा ‘टू’ एकटा उभा राहत नाही: ‘डोन्ट स्विम हिअर, इट्स डेंजरस टू’ चालते, ‘टू इज डेंजरस’ चालत नाही.

‘टू’सुद्धा गाळता येतो, पण सर्वत्र नाही. ‘आय’ल ट्राय’ पुरते. ‘इफ’, ‘व्हेन’, ‘व्हॉट’ यांच्यामागून आलेल्या ‘वॉन्ट’ व ‘लाइक’नंतरही तो सहसा जातो (‘कम व्हेन यू लाइक’). ‘वुड लाइक’, ‘वुड लव्ह’ यांच्यापुढे तो हवाच. नकार ‘टू’च्या आधी बसतो: ‘आय ट्राइड नॉट टू’. ‘बी’ गाळत नाहीत: ‘शी इजन्ट ॲज बिझी ॲज शी यूज्ड टू बी’. मालकीदर्शक ‘हॅव’ही बहुधा राखतात.

मराठीभाषकांची चूक बव्हंशी ‘नको’मुळे होते. ‘तुला जायचंय?’ला ‘नाही जायचं’ म्हणताना क्रियापद परत येते, तर ‘चहा?’ला एकटे ‘नको’ पुरते. त्या बळावर दोन्हीकडे ‘आय डोन्ट वॉन्ट’ म्हटले जाते. इंग्रजीत जाण्याला ‘आय डोन्ट वॉन्ट टू’, चहाला ‘आय डोन्ट वॉन्ट एनी’.